आधी नाव, मग नेतृत्व

महाविद्यालयीन विद्यार्थी यशस्वी कसा व्हावा, याची चिंता वाहणाऱ्या तज्ज्ञांची हल्ली आपल्याकडे वाण नाही. 1994 साली मूल्यमापनासाठी नॅक आली, 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, 2020 साली नवे धोरण आले. यांपैकी कशाशीही माझे वैर नाही. तक्रार एवढीच, की या मंडळींचा विद्यार्थी वर्गाच्या दारात एकदम प्रकट होतो. तो तिथवर आला कसा, हे कोणी विचारीत नाही.

करमाळा तालुक्यातल्या कुगावला या. 1980 साली उजनी धरण पुरे झाले, भीमा फुगली, आणि पलीकडच्या तीरावरचे कळाशी डोळ्यांना जवळ राहिले, पायांना मात्र दूर गेले. रस्त्याने जावे तर मोठा वळसा, नाहीतर होडी. 21 मे 2024 रोजी याच वाटेवर होडी बुडून सहाजण गेले. अशा काठावरचे पोर चार दिवस वर्गात दिसले नाही, तर हजेरीपटावर 'अनास्था' असा शेरा मारणाऱ्याला मी तज्ज्ञ कसा म्हणू?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. पोराची भाकरी आणि निवारा त्यांनी आधी पाहिला. यश मागून चालत आले. नेतृत्व म्हणतात ते याला!

तेव्हा प्राचार्यांचे पुढचे शिबिर या काठावर भरवा. आधी एस.टी.ची वेळ, मुलींचे वसतिगृह आणि न बुडणारी होडी यांचा ठराव करा. यशाची व्याख्या मग सावकाश सांगा. आम्ही जरूर ऐकू.