आधी डिश, मग इंटरनेट

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील ‘इफ्फी’ चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे इंटरनेटवरचे ओटीटी व्यासपीठ सुरू केले. दूरदर्शनच्या थेट वाहिन्या आणि हवे तेव्हा पाहायचे कार्यक्रम एकाच ठिकाणी आले, हे स्वागतार्हच. पण मोखाडा तालुक्यातील खोडाळ्यासारख्या डोंगराळ भागात डिश आणि इंटरनेट यांच्या जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. डीडी फ्री डिशची छत्री एकदा बसवली की महिन्याचे भाडे नाही. उपग्रहाचे तेच प्रक्षेपण एका घरालाही पुरते आणि लाखो घरांनाही. इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकामागे वेगळा डेटा लागतो आणि रेंज गेली की चित्र थांबते. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका आली. स्मार्टफोन नसलेल्या मुलांना तिचा केवढा आधार होता! डिशची उणीव एवढीच, की चुकलेला पाठ पुन्हा मागता येत नाही. इंटरनेटचे काम तिथे आहे. शाळेतल्या सेट-टॉप बॉक्सने प्रक्षेपित पाठ साठवून ठेवावेत. राहिलेले तेवढेच नेटवरून उतरवावेत. अभ्यासाचे आणि आरोग्याचे कार्यक्रम केवळ अ‍ॅपवर नेऊ नयेत. शासनाने या जोडणीची सुरुवात खोडाळ्याच्या शाळांपासून करावी.