आधी दप्तर उचला



पावसाळा आला की कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसांचे डोळे पाण्याच्या पातळीकडे लागतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. २००५ आणि २०२१ सालचे पूरही आपण विसरलेलो नाही. कित्येक गावांत आपली वस्ती सखल बाजूला. पाणी पहिले शिरते ते आपल्याच घरात.

घर सोडताना आपण काय उचलतो? धान्य, गॅसची टाकी, शेळी. आणि बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर छातीशी धरतो. तसबीर घ्यावीच. पण खुंटीवरचे पोरीचे दप्तर तिथेच राहते. बाबासाहेबांना हे आवडले असते का?

१९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धे सोडून परतले. त्यांचे ग्रंथ व सामान दुसऱ्या बोटीने येत होते. महायुद्धाचे दिवस, ती बोट बुडवली गेली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली! बाबासाहेब खचले नाहीत. १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पुस्तके बुडाली, शिक्षण बुडू दिले नाही.

आपल्याकडे नेमके उलटे होते. पूर ओसरतो, घरात गुडघाभर चिखल. थोरल्या मुलीला आपण म्हणतो, "आठ दिवस राहा घरी, धाकट्याला सांभाळ." आठ दिवसांचा महिना होतो. मग अभ्यास मागे पडला म्हणून तिलाच शाळेत जायची लाज वाटते. शाळा सुटते ती अशी. शाळेची घंटा वाजली की चिखल तसाच ठेवा, पोरीला आधी पाठवा.

जून महिन्यातच एवढे करा. जातीचा दाखला, गुणपत्रिका, आधारकार्ड, पासबुक जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दप्तराशेजारी ठेवा. झेरॉक्स उंचावरच्या गावातील नातेवाइकाकडे द्या. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० साली मिळाल्या, त्याही लढून. कागद नसेल तर त्या मिळवताना पोरांची वणवण होते.

शाळेचा दाखला वाहून गेला तरी घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत सरकारी वा अनुदानित शाळेला दाखल्यावाचून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. "दाखला मागाहून आणते," असे ठणकावून सांगा.

शिकलेल्या तरुणांनो, छावणीत पत्ते कुटत बसू नका. मुलांना गोळा करा. पाढे म्हणायला पुस्तक लागत नाही. पुराचे दिवस म्हणजे वर्षावासाचे दिवस. विहार कोरडा असेल तर तिथे, नाही तर छावणीत, ग्रंथवाचनाआधी तासभर मुलांचा अभ्यास घ्या.

भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. पोरीचे गेलेले वर्ष परत येत नाही. तेव्हा यंदा पाणी चढू लागले, की तसबिरीबरोबर दप्तरही उचला.