कास: शेतातला आणि राखेवरचा

भाद्रपद सरत आला की कोराडीच्या परिसरात नाल्याकाठी आणि पडीक रानात कासाचे पांढरे तुरे डोलू लागतात. ‘ऋतुसंहार’ रचताना कालिदासाने शरद ऋतूला याच फुलांचे वस्त्र दिले. शेतकऱ्याला मात्र या शोभेचे कौतुक नाही, आणि त्याचे कारण जमिनीखाली आहे. कासाचे आडवे खोड काळ्या मातीत खोलवर पसरते. नांगराने तोडले तर तुकड्यागणिक नवे रोप उगवते. जाळले तर पुन्हा फुटते. नागपूर ज्याची राजधानी होते तो मध्य प्रांत, भोपाळ, बुंदेलखंड अशा भागांत कासाने सुपीक जमिनी व्यापल्या होत्या. त्या मोकळ्या करण्यासाठी ट्रॅक्टर हवेत म्हणून 1949 साली भारताने जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज घेतले. एका गवतासाठी!

या चिवटपणाची दुसरी बाजू आपल्या साखरेच्या डब्यात आहे. कोइमतूर येथे 1912 साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे जाड, गोड उसाचा कासाशी संकर करून ‘को 205’ हे काटक वाण निर्माण झाले. आज लागवडीत असलेल्या बहुतेक उसांत कासाचा अंश आहे.

कोराडीपुढचा प्रश्न राखेचा आहे. 1974 पासून येथे कोळशावर वीज तयार होते आणि उरलेली राख पाण्याबरोबर तलावांत सोडली जाते. जुलै 2022 च्या अतिवृष्टीत खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपास पसरले. असे संकट गवत थोपवू शकत नाही. बांध भक्कम राखणे हे अभियंत्यांचेच काम. पण उन्हाळ्यात सुकलेली राख वाऱ्यावर उडून घराघरांत शिरते, तेथे कासाचा उपयोग आहे. देशातील अनेक वीजकेंद्रांच्या जुन्या राखेवर, जेथे नत्र जवळजवळ नसते, कास कोणी न लावता उगवल्याचे वनस्पतितज्ज्ञांनी नोंदविले आहे. शेतकऱ्याला छळणारे तेच खोड राख जखडून धरते. पाने कुजून मातीचा पातळ थर बनतो आणि मागाहून इतर झुडपे येतात. राखेतील जड धातू त्याच्या मुळांत शिरतात, म्हणून तेथील चारा गुरांना घालू नये.

शेतातला कास काढावाच लागेल. राखेवर उगवलेला मात्र जाळू नये. त्याला चार-पाच पावसाळे मिळू द्यावेत.