केबिनचा नंबर पावतीवर का नाही?

संपादक महोदय,


रविवारच्या पुरवणीतला क्रूझवरचा लेख वाचला आणि त्यानंतर आठवडाभर छापून आलेली कौतुकाची पत्रंही वाचली. बुफे झाला, पोहण्याचा तलाव झाला, रात्रीचे शो झाले. केबिनची बोळवण मात्र एका वाक्यात केली आहे. केबिन कुठेही मिळाली तरी चालते, तिथे फक्त झोपायला तर जायचं, असं लेखकाचं म्हणणं. हे गृहस्थ बहुधा एकटेच गेले असावेत. घरच्या बायामाणसांना घेऊन गेलेला माणूस असं लिहिणार नाही.

आमच्याकडे समुद्र नाही. खारं पाणी आहे, ते विहिरींत. खारपाणपट्ट्यातली माणसं आम्ही. पण शेगाव-खामगाव-अकोल्याकडून निघणाऱ्या सिंगापूरच्या सहलींना हल्ली क्रूझ जोडलेली असते आणि कापसाचे, पेन्शनचे साठवलेले पैसे घेऊन आमच्या तालुक्यातली माणसंही जातात. आम्हीही गेलो. पूर्ण पैसे भरताना मी केबिनचा नंबर मागितला. एजंट म्हणाला, “ते जहाजावर गेल्यावरच समजते, गुरुजी. तुमची गॅरंटी केबिन आहे.” याचा अर्थ पुढे कळला. केबिनचा प्रकार ठरलेला, जागा कंपनीच्या मर्जीवर. आम्हाला मिळाली ती थेट लिफ्टसमोर.

ज्यांनी ही जहाजं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. केबिनचं दार आत उघडतं. बाहेर उघडलं तर अरुंद पॅसेजमधून जाणाऱ्याला लागेल, म्हणून आत उघडण्याची मुभा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांतच आहे. दार आपोआप बंदही झालं पाहिजे, ते अडकवून ठेवायला आकडी चालत नाही, कारण आग लागली तर धूर पसरतो. नियम योग्यच आहेत, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण दार आत उघडलं की पलंगापर्यंतची सगळी खोली पॅसेजमधून दिसते. समोर लिफ्ट असेल तर तिथे कायम पाच-दहा माणसं ताटकळत उभी. ती मुद्दाम बघतात असं नाही, पण डोळे कुठेतरी ठेवणारच ना! साफसफाईचा मुलगा आला, चहा आला, शेजारच्या केबिनमधल्या वहिनी डोकावल्या, की प्रत्येक वेळी आमचा संसार लिफ्टवाल्यांसमोर मांडलेला. सौ.ला साडी नेसायची तर बाथरूममध्ये जावं लागे, आणि त्या बाथरूममध्ये निऱ्या घालायला हात पसरायलाही जागा नाही. दाराला कडी लावा म्हणून सांगणारे भेटतील. कडी लावलेली असते हो, पण दार कधीतरी उघडावं लागतंच.

रात्रीचं वेगळंच. शो सुटला की लिफ्टसमोर गर्दी, हसणं, लेकरांची धावपळ. पॅसेजमधलं बोलणं शब्द न् शब्द आत ऐकू येई.

हे सगळं टाळता येण्यासारखं होतं, म्हणून राग येतो. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन छापलेला असतो. लिफ्ट कुठे, जिना कुठे, कोणत्या दोन केबिनींच्या मधे दार आहे, हे त्यात दिसतं. तलावाच्या डेकखालच्या केबिनीत पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा, मागच्या टोकाला यंत्रांची थरथर. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हलणं सर्वांत कमी जाणवतं. विकणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, यावर मी विश्वास ठेवणार नाही. जाणकार प्रवासी प्लॅन बघून चांगल्या जागा आधीच उचलतात आणि ग्रुपमधून येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या माथी उरलंसुरलं मारलं जातं, हे माझं स्पष्ट मत आहे. खोटं असेल तर नंबर आधी द्या, मत बदलतो.

जास्त पैसे भरून बाल्कनीवाली केबिन घ्या, असा सल्ला परत आल्यावर गावातल्याच एका शहाण्याने दिला. बाल्कनीतून समुद्र दिसेल, पण दार त्याच पॅसेजमध्ये उघडणार. शिवाय मी मोठी केबिन मागतच नाही. थोडे रुपये ज्यादा घेऊन एस.टी. आरक्षणाच्या तिकिटावर सीट नंबर देते. इथे हजारो रुपये घेऊन नुसतं ‘इनसाइड’ एवढंच लिहितात.

जुन्या कोकण बोटींवर डेकचं तिकीट काढणारा माणूस उघड्यावर पथारी पसरायचा, पण तो ते ठाऊक असूनच काढायचा. 2018 साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ क्रूझ सुरू झाली तेव्हा तिच्यावर सामायिक झोपण्याच्या जागाही होत्या. ज्याने तशी जागा घेतली त्याने सगळ्यांसोबत झोपण्याची मनाची तयारी केलेली असणार. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून आता आपल्याच किनाऱ्यावर मोठ्या क्रूझ सुटतात, म्हणजे हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या चार हौशी लोकांचा राहिलेला नाही. आडोसा किती मिळणार हे पैसे भरण्याआधी माणसाला कळायला हवं. परवडत नसेल तर तो कमी आडोसा घेईल. पण घेतोय ते कमी आहे हे त्याला सांगा.

या बाबतीत आपली रेल्वेही धुतल्या तांदळासारखी नाही, हे जाता जाता लिहितोच. स्लीपरच्या प्रवाशाला तिकिटावर बर्थ मिळतो, पण सर्वांत महाग भाडं भरणाऱ्या फर्स्ट एसीच्या प्रवाशाला दोघांचा कूपे मिळणार की चौघांची केबिन, हे चार्ट लागल्यावर कळतं. नवराबायकोने कूपेच्या आशेवर पैसे भरायचे आणि दोन अनोळखी गृहस्थांसमोर रात्र काढायची.     

केबिनची तक्रार घेऊन एजंटकडे परत गेलो तर त्याने मुंबईच्या ऑफिसकडे बोट दाखवलं, मुंबईने जहाज कंपनीकडे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेचा दर्जा आणि प्रमाण यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क म्हटलेला आहे. केबिनची जागा हा दर्जा नाही तर काय आहे? त्याच कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी आम्हाला बुलढाण्याच्या जिल्हा आयोगात जाता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. मी कागद गोळा करतो आहे. अडचण एकच: पावतीवर केबिनच्या जागेबद्दल एक अक्षर नाही, त्यामुळे दिलेला शब्द मोडला असंही म्हणता येत नाही. बहुधा म्हणूनच लिहीत नसावेत.

दिवाळीनंतरच्या सहलींच्या जाहिराती तुमच्याच अंकात पानभर सुरू आहेत. त्यांत जहाजाचा फोटो आहे, जेवणाच्या ताटाचा आहे, सूर्यास्ताचाही आहे. डेक प्लॅन मात्र एकाही जाहिरातीत नाही. लेख छापलात, आता एक काम करा. जाहिरात घेताना या कंपन्यांना विचारा की केबिनचा नंबर पैसे भरतानाच देणार की नाही, आणि जे उत्तर येईल ते जाहिरातीच्या खाली छापा. शेगावात बुकिंग सुरू झालं आहे, तेव्हा पुढच्या रविवारपर्यंत झालं तर बरं.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक,
वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा