ऐकतो ते सांगावे

आज घटस्थापना. ज्या देवीवरून बाळापूर नगरीस हे नाव पडले, त्या बाळादेवीच्या मंदिरात आजपासून दर्शनार्थींची रीघ लागेल. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरील किल्ल्याच्या पायथ्याशी हे स्थान आहे. घरोघर घट बसतील, माळा चढतील, नंदादीप तेवू लागेल. आणि त्या दिव्याभोवती घरातील प्रत्येक माणूस काही ना काही ऐकेल. कोणी सप्तशतीचा पाठ, कोणी आरत्या, कोणी जुने अभंग, कोणी चित्रपटातील गाणे. या ऐकण्याविषयी आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

नवरात्रात कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचे लुगडे नेसावयाचे, हे अलीकडे साऱ्या महाराष्ट्रास पाठ झाले आहे. उपवास धान्यफराळाचा की निरंकार, याचीही चौकशी शेजारीपाजारी आवर्जून करतात. परंतु ‘तुम्ही आज काय ऐकले, आणि तेच का ऐकले?’ हा प्रश्न कोणी कोणास विचारीत नाही. एका छपराखाली राहणाऱ्या पाच माणसांच्या कानांत पाच निराळे सूर जात असतात आणि एकाचे दुसऱ्यास ठाऊक नसते. नातवाने कानांत ती दोन बारीक यंत्रे खोचली की आजीच्या दृष्टीने तो परगावी गेल्यासारखाच. आणि आजी माजघरात पुटपुटते ते गाणे कोणते, हे विचारावे असे नातवासही वाटत नाही. ही गोष्ट किरकोळ नाही, असे आमचे मत आहे.

श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने नवविधा भक्ती सांगितली आहे. तिचा क्रम आपणा सर्वांस पाठ आहे. पण त्या क्रमाकडे आपण थांबून पाहत नाही. प्रथम श्रवण, त्यानंतर कीर्तन आणि तिसरे स्थान स्मरणाचे. समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकात हाच क्रम राखला आहे. पहिला समास श्रवणाचा, दुसरा कीर्तनाचा, तिसरा स्मरणाचा. वस्तुतः ऐकले की लक्षात राहावे, म्हणजे श्रवणामागून स्मरण यावे, असे कोणासही वाटेल. परंतु मध्ये कीर्तन उभे आहे. आम्ही याचा अर्थ असा घेतो की जे ऐकले ते दुसऱ्यास सांगितल्यावाचून ते स्मरणात मुरत नाही. शास्त्री मंडळी याहून सूक्ष्म अर्थ लावतील. गृहस्थाश्रमी माणसास एवढा पुरेसा आहे.

याचे उदाहरण शोधण्यास बाळापूरकरांनी दूर जावयास नको. दासगणू महाराजांनी रचलेल्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाच्या एकवीस अध्यायांपैकी नवव्या अध्यायात बाळापूरच्या बाळकृष्णबुवा रामदासी यांची कथा आहे. वऱ्हाडातील कितीतरी घरांत या ग्रंथाचे पारायण होते, तेव्हा कथा नव्याने सांगण्याची गरज नाही. बुवा आणि त्यांच्या पत्नी पुतळाबाई दरवर्षी पौषात बाळापुराहून पायी निघत आणि दासनवमीच्या उत्सवास सज्जनगड गाठीत. पुढे वय झाले, देह थकला, पाय चालेनात. तेव्हा समर्थांनी स्वप्नात येऊन सांगितले की आता गडावर येऊ नकोस, मीच तुझ्या घरी येईन. त्यानुसार बुवांनी माघ वद्य प्रतिपदेपासून बाळापुरातच उत्सव मांडला. घरी दासबोधाचे वाचन आणि हरिकीर्तन सुरू झाले, आणि नवमीस शेगावचे गजानन महाराज त्यांच्या दारी उभे राहिले.

पारायण करणारे या कथेतील चमत्कारापाशी थांबतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. आमचे लक्ष मात्र त्या उत्सवाकडे जाते. इतकी वर्षे सज्जनगडावर जे श्रवण घडले त्याचे पुण्य एका दांपत्याचे होते. गावकऱ्यांना फार तर परतल्यावर प्रसाद मिळत असेल. देह थकला तेव्हा तेच श्रवण बाळापुराच्या अंगणात आले. ज्याने कधी गड पाहिला नव्हता त्याच्या कानांवर समर्थांची वाणी पडली. पायी वारीचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण गावाच्या दृष्टीने पाहिले तर बुवांची सर्वांत मोठी वारी ही चालण्याचे थांबल्यानंतरची होय.

दुसऱ्याने सांगितल्यावाचून श्रवण नाही, हे माधानच्या गुलाबराव महाराजांच्या चरित्राइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. १८८१ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेतले. ज्ञानाचे एवढे भांडार त्यांच्याकडे आले ते केवळ कानांच्या वाटेने. त्यांच्यासमोर बसून पोथी मोठ्याने वाचणारा कोणीतरी होता, म्हणून ते प्रज्ञाचक्षू झाले. त्या वाचणाऱ्यांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत.

आणि याच वऱ्हाडातील गाडगेबाबा! त्यांच्या कीर्तनात श्रोत्याला नुसते ऐकून घरी जाण्याची सोय नव्हती. बाबा प्रश्न विचारीत आणि हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे बकरे कापावे काय, मुलाला शाळेत घालावे की नाही, हे सारे श्रोत्याच्याच तोंडून वदवून घेत. १९५६ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित झालेले आहे. ते आजही ऐकावयास मिळते, आणि त्यात बाबांच्या आवाजाइतकाच समोरच्या लोकांचा आवाज महत्त्वाचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या ठेक्यावर गावेच्या गावे सामुदायिक प्रार्थनेस बसविली, तीही याच मातीत.

यंत्र आले म्हणून हे बिघडले असे म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. १९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर ग. दि. माडगूळकरांची शब्दरचना व सुधीर फडके यांचे संगीत यांनी सजलेली छप्पन्न गीते घरोघर पोहोचली. त्या वेळी रेडिओ आळीत एखाद्याच घरी असे. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, ओसरीवर शेजाऱ्यांसाठी सतरंजी अंथरीत, अशा आठवणी जुनी माणसे सांगतात. गीत संपले की चर्चा सुरू होई. कैकेयीवर कोणी संतापे, भरतासाठी कोणी डोळे पुशी. यंत्र एकच होते, म्हणून श्रवण सर्वांचे होते. पुढे ‘आपली आवड’ सारख्या कार्यक्रमांसाठी लोक पोस्टकार्डे पाठवू लागले आणि आपल्या गावाचे नाव निवेदकाच्या तोंडून ऐकले की घरभर आनंद होई. त्या पत्रांत गाण्याचे नाव असे, घरातील सर्वांची नावे असत. मात्र ते गाणे का हवे, हे बहुधा नसे. एवढी उणीव त्यातही होती.

आज ती उणीव फार वाढली आहे. मोबाईलच्या ‘स्टेटस’वर गाण्याचा तुकडा लावण्याची रीत सर्वत्र आहे, चोवीस तासांनी तो आपोआप मावळतो. दोनशे माणसांनी तो पाहिलेला असतो, पण लावणाऱ्याच्या मनात काय होते हे त्यांतील एकालाही कळत नाही. दुसऱ्या टोकाला मंडळाच्या मांडवातील कर्णे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकांना मर्यादा घातली; ती पाळली जाते तेथेही दिवसभर भिंती हादरतच असतात. एकाने गाणे कानांत दडवावयाचे, दुसऱ्याने ते साऱ्या पेठेवर लादावयाचे. यांपैकी कशासही श्रवण म्हणता येत नाही. ज्या घरात आजारी माणूस आहे, त्या घराला मांडवातील देवीचे गाणे देवीचे वाटत नाही, हे मंडळाच्या तरुणांना कोणीतरी वडिलकीच्या नात्याने सांगितले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो. भक्ती ही एकांताची वस्तू आहे, तिची वाच्यता कशाला? आक्षेप योग्य आहे, पण तो मंत्राला लागू पडतो. गुरूने कानात सांगितलेला मंत्र उघड करू नये, ही मर्यादा परंपरेनेच घातली आहे. गाण्याला अशी मर्यादा कोणी घातलेली नाही. उलट आपल्या कुलधर्मात गोंधळ घालावयाचा तो संबळ-तुणतुण्यासह, दिवटी पेटवून, चार सोयरे बोलावून. गोंधळी गावोगावच्या दैवतांना नाव घेऊन पाचारण करतो. माहूरची रेणुका ज्यांची कुलस्वामिनी आहे अशी वऱ्हाडात असंख्य घरे आहेत. त्या घरांतील मुले विवाहप्रसंगी गोंधळ ऐकतात. परंतु आपल्या घरी गोंधळ का, माहूरच का, हे त्यांना सांगितलेले नसते. मग पुढच्या पिढीत गोंधळ्यास ‘अर्ध्या तासात आटोपा’ असे सांगितले जाते. त्यात दोष मुलांचा नव्हे.

याहून नाजूक गोष्ट भुलाबाईच्या गाण्यांची. भाद्रपद पौर्णिमेस भुलाबाई आणि भुलोजी घरी येतात आणि कोजागरीपर्यंत महिनाभर मुक्काम करतात. शंकर-पार्वतीचेच हे लौकिक रूप, सासर-माहेराच्या सुखदुःखात रमणारे. मुली सायंकाळी एका घरची गाणी आटोपून दुसऱ्या घरी जात, टिपऱ्यांचा ताल धरीत, शेवटी झाकलेला डबा वाजवून खाऊ ओळखीत. खाऊ ओळखला नाही तर यजमानीणबाईंचा कोण विजय! कोजागरीस अनेक घरी ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राही. या गाण्यांना छापील पुस्तक नव्हते. अकोटकडून आलेल्या सुनेचे गाणे बाळापुरात शिरे, बाळापूरची लेक तेच पातुरात नेई. वाटेत एखादी ओळ बदले, एखादी नणंद अधिक खाष्ट होई. गाणे घरोघर फिरते राहिले म्हणून जगले. ज्या मुलींनी ती गायिली त्या आज आज्या-पणज्या आहेत. त्यांच्यापैकी एक गेली की एका गावची चाल गेली. ती कोणत्याही यंत्रावर शोधून सापडावयाची नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. या नऊ दिवसांत सायंकाळच्या आरतीस घरातील सर्व माणसे एकत्र येतातच. आरती झाल्यावर प्रसाद वाटण्यापूर्वी पाव घटका बसावे आणि रोज एकाने सांगावे की सध्या मी हे ऐकतो आणि यासाठी ऐकतो. जमल्यास ते सर्वांना ऐकवावे. सूनबाईने सांगावे की स्वयंपाक करताना ती जो अभंग लावते तो तिचे बाबा काकडआरतीला म्हणत. आजोबांनी सांगावे की त्यांना एखादेच भजन का पुरते. मुलाची पाळी येईल तेव्हा कदाचित चित्रपटातील गाणे येईल, कदाचित परभाषेतील धांगडधिंगा येईल. त्या वेळी वडीलधाऱ्यांनी कपाळास आठ्या घालू नयेत. आपल्या भजनी मंडळांनी चित्रपटांच्या किती चाली अभंगांना लावल्या आहेत, याचा हिशेब केला तर आठ्या आपोआप मावळतील. आवडीमागचे कारण ऐकावे. परीक्षेच्या काळजीने झोप येत नाही म्हणून मुलगा रात्री एकच गाणे पुन्हा पुन्हा ऐकतो, हे आईला या मार्गाने कळले तर त्या पाव घटकेचे सार्थक झाले. आणि ‘काय आयकून राह्यला रे, मलेही सांग’ असे आजीने एकदा म्हटले की कानांतील यंत्र काढण्यास कोणा नातवास जड जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

सार्वजनिक मंडळांनाही हे करता येईल. मांडवाच्या दारी एक फळा ठेवावा. आज कोणते भजन, ते कोणाच्या आवडीचे, आणि ती आवड कशामुळे, एवढे त्यावर खडूने लिहावे. पेठेतील एखाद्या वृद्ध बाईचे नाव तेथे लागले तर ती आरतीस थोडी लवकर येईल. कर्णा मात्र मांडवापुरता असावा.

कोजागरीस अद्याप अवकाश आहे. ज्या घरी भुलाबाई गायिलेली आजी आहे, तेथे नातींनी वही-लेखणी घेऊन तिच्यापाशी बसावे आणि मोबाईलवर तिचा आवाजही मुद्रित करावा. गाणे उतरवून घेताना ते तिने कोणत्या गावी, कोणाकडून ऐकले होते, तेवढे प्रत्येक गाण्याखाली लिहावयास विसरू नये.