एक आण्याचे तीन ठसे

नाना पेठेतल्या आमच्या घरी दादीजानची पेटी परवा उघडली. मुंबईहून आलेल्या जुन्या खतांवर राणी व्हिक्टोरियाची लाल, एक आण्याची तिकिटे! धाकट्याने तिकिटे सोडवायला लगेच पाण्याचा वाडगा आणला. आम्ही त्याचा हात धरला.

ही तिकिटे 1854 ची, कलकत्त्यात छापलेली. पूर्वी उर्दू किताबा निघत तशीच, शिळाछापावर. कडेला दाते नाहीत, मागे गोंदही नसे. लोक घरचीच खळ लावत. लांबून सगळी सारखी दिसतात, पण ठसे तीन. भिंग घेऊन राणीच्या गळ्याखालचे टोक पाहावे. गोलसर असेल तर दुसरा ठसा. टोकदार असेल तर वरखालची अक्षरे पाहावीत : बारीक तो पहिला, जाड तो तिसरा. तिसरा फार कमी सापडतो.

पेटीतली दोन तिकिटे दुसऱ्या ठशाची निघाली. आणखी एक होते, वहीत डकवलेले. आम्हीच लहानपणी कात्रीने राणी तेवढी कोरून काढली होती. टोक टोकदार आहे. अक्षरे खताबरोबर केव्हाच रद्दीत गेली.