‘स्कोप कशाला आहे?’ हा प्रश्न आता बदलू या

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, मूळचा इचलकरंजीचा. आमच्या मोहल्ल्यातून इंजिनिअर झालेल्या पहिल्या चार-पाच मुलांपैकी मी एक. त्यामुळे ज्यांच्या घरी मूल बारावीला असते ते मला हमखास फोन करतात. प्रश्नही ठरलेला असतो: “बेटा, सध्या स्कोप कशाला आहे?”

यंदा अब्बांच्या जुन्या दोस्ताचा, आम्ही ज्यांना चाचा म्हणतो त्यांचा फोन आला. चाचांचे आठ यंत्रमाग आहेत. म्हणाले, “दोन माग काढून टाकतोय. भंगाराच्या भावानं जातील, पण मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची सीट मिळतेय. तू फक्त हो म्हण.” मी विचारले, “मुलाला काय हवंय?” तर म्हणाले, “त्याला काय कळतंय? दिवसभर मागाखाली घुसलेला असतो.”

पुढे मुलाशी बोललो. धोटा उडून कामगाराच्या डोळ्याला लागू नये म्हणून त्याने मागापुढे सळईची जाळी बसवली होती. पण जाळीमुळे कांडी बदलायला हात जाईना, म्हणून कामगारांनी ती दोन दिवसांत काढून ठेवली. मग याने जाळीला बिजागरी लावली, एका हाताने उचलता येईल अशी केली. आता जाळी जागेवर आहे.

हा मुलगा इंजिनिअरिंगमधले सर्वांत महत्त्वाचे काम, म्हणजे डिझाइन, करत होता. त्याच्या घरात ते कोणाला दिसले नव्हते. आणि ते न दिसल्यामुळे दोन माग विकले जाणार होते. म्हणून दरवर्षी फोनवर विचारले जाणारे प्रश्न आणि माझी उत्तरे एकदा लिहूनच काढतो.

डिझाइन म्हणजे चित्र काढणे का?

नाही. चित्र हा डिझाइनचा शेवटचा कागद. एखादी वस्तू कोण वापरणार, कुठे वापरणार, ती बिघडली तर काय होईल, किती पैशांत बसवायची, या सगळ्यांचा मेळ घालून निर्णय घेणे म्हणजे डिझाइन.

आपण सर्वांनी हाताळलेले उदाहरण घ्या: मतदान यंत्र. त्यावरचे राजकीय वाद बाजूला ठेवून फक्त वस्तू म्हणून पाहा. ते बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या बनवतात. त्याचे बाह्य रूप आणि हाताळणी ठरवण्यात आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधील प्राध्यापकांचा वाटा आहे. वाचता न येणाऱ्यालाही मत देता यावे म्हणून नावाशेजारी चिन्ह आणि चिन्हाशेजारी निळे बटण. मत नोंदले गेले हे कळावे म्हणून लाल दिवा आणि लांब आवाज. दृष्टिहीनांसाठी ब्रेलमधले अंक. वीज नसलेल्या गावातही चालावे म्हणून बॅटरी. मतदान अधिकाऱ्याने आपल्याकडच्या युनिटचे बटण दाबल्याशिवाय पुढचे मत देताच येत नाही, त्यामुळे कोणी केंद्रात घुसून बटण दाबत सुटला तरी मते पडत नाहीत.

यातली एकही गोष्ट आपोआप आलेली नाही. प्रत्येकीमागे कोणीतरी बसून घेतलेला निर्णय आहे. एका यंत्रात सर्किट इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचे, आत चालणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवाल्याचा, प्लॅस्टिकची पेटी आणि तिचा साचा मेकॅनिकलवाल्याचा, आणि माणसाचा हात, डोळा व गोंधळ यांचा विचार डिझायनरचा. शाखा कशा वेगळ्या आहेत आणि त्या कुठे एकत्र येतात, हे मुलाला समजावायला मला यापेक्षा सोपे उदाहरण सापडलेले नाही.

मग इंजिनिअरिंग आणि बी.डेस. यांत फरक काय?

इंजिनिअर मुख्यतः वस्तू चालेल कशी, टिकेल कशी हे गणिताने सिद्ध करतो. डिझायनर ती वापरणाऱ्याच्या बाजूने पाहतो. बी.डेस.साठी आयआयटी मुंबई ‘यूसीड’ ही परीक्षा घेते आणि ती कला व वाणिज्य शाखेच्या मुलांनाही देता येते. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी असते. आर्किटेक्चर हा पाच वर्षांचा तिसराच रस्ता आहे. आमच्याकडे कितीतरी मुले-मुली हाताने उत्तम काम करतात. पण ‘सायन्स घेतलं नाही म्हणजे डिझाइनचं दार बंद’ असे समजून अर्जच भरत नाहीत. ही माहिती दहावीच्या निकालाआधी घरात पोहोचायला हवी.

सिव्हिलमध्ये आता काय उरलंय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी फजलुर रहमान खान यांच्याबद्दल सांगतो. 1929 साली ढाक्यात जन्म, शिबपूर आणि ढाका येथे सिव्हिलचे शिक्षण, 1952 साली पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत. उंच इमारतीला वाऱ्याशी झुंजावे लागते. मग आत खांबांचे जंगल उभे करण्याऐवजी बाहेरच्या भिंतींनाच एका पोकळ नळीसारखे काम करू द्यावे, हा विचार त्यांनी प्रत्यक्षात आणला. शिकागोची 100 मजली जॉन हॅनकॉक इमारत आणि 110 मजली सिअर्स टॉवर त्यातून उभे राहिले. एम्पायर स्टेट बिल्डिंगला दर चौरस मीटरला सुमारे 206 किलो पोलाद लागले होते, हॅनकॉकला सुमारे 145 किलो पुरले. पोलाद वाचले ते एका डिझाइनमुळे.

जेद्दाच्या विमानतळावरील हज टर्मिनलही त्यांच्याच चमूचे काम. वाळवंटातल्या उन्हात लाखो हाजींना सावली द्यायची होती. त्यांनी तिथे काचेच्या धाग्यापासून विणलेल्या, टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचे तंबूसारखे 210 छत उभे केले. मोहल्ल्यातून हजला जाऊन आलेल्या अनेकांनी ते डोक्यावर पाहिले आहे. त्यामागे एक सिव्हिल इंजिनिअर आहे हे सहसा कोणी सांगत नाही.

याच शाखेची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. 17 जुलै 1981 रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीत एका हॉटेलच्या दालनावर टांगलेले दोन पूल कोसळले, 114 माणसे गेली. मूळ रचनेत दोन्ही पूल छतापासून खाली येणाऱ्या त्याच सळयांवर स्वतंत्रपणे टांगायचे होते. बांधणी सोपी व्हावी म्हणून बदल झाला आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला. दोन माणसे एकाच दोराला धरून लोंबकळत आहेत आणि मग खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, असे समजा. दोरावर वजन तेवढेच, पण वरच्याच्या मुठीवर दुप्पट. तो जोड तेवढ्यासाठी केलेलाच नव्हता. बदल कागदावर किरकोळ दिसत होता, त्याचे गणित पुन्हा तपासले गेले नाही. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले. सिव्हिलमध्ये काय उरलंय, तर ही जबाबदारी उरली आहे. आपल्या शहरांतल्या पडणाऱ्या इमारती पाहिल्या की ती किती उरली आहे ते कळते.

कॉम्प्युटर म्हणजे एसीत बसून कोडिंग ना?

हे माझे क्षेत्र, म्हणून यावर थोडे कडक बोलतो. 1985 ते 1987 या काळात थेरॅक-25 नावाच्या कर्करोगावरील उपचारयंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला. काही दगावले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा मारा रोखणारी यांत्रिक-विद्युत अडसर होती. नव्यात ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. ऑपरेटरने पडद्यावरची नोंद झटपट दुरुस्त केली की प्रोग्रॅमचा ताळमेळ चुकायचा. चूक काही ओळींची होती, पण ‘अडसर काढला तरी चालेल’ हा निर्णय डिझाइनचा होता.

आमच्या टीममध्ये मेकॅनिकल आणि सिव्हिलचे पदवीधर आहेत. कारखान्यासाठी प्रोग्रॅम लिहिताना मशीन थांबवल्यावर लगेच चालू का करायचे नाही, हे मला त्यांच्याकडून शिकावे लागले. शाखा निवडली म्हणजे जन्माची गाठ पडली असे होत नाही. कोडिंग नंतर शिकता येते, मी ते शिकलेली माणसे रोज पाहतो. विषयाची ओढ नंतर आणता येत नाही.

आणखी एक. सध्या ‘एआय’, ‘डेटा सायन्स’ अशी नावे लावलेल्या शाखांसाठी पालक जास्त पैसे मोजायला तयार आहेत. पैसे देण्याआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दोन्ही शाखांचा अभ्यासक्रम उतरवून शेजारी-शेजारी ठेवा. प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, गणित हे विषय दोन्हीकडे दिसतील. फरक किती आणि त्यासाठी किती मोजायचे, हे मग तुम्हीच ठरवा.

मुलीला मेकॅनिकल? वर्कशॉपमध्ये?

माझ्या आपाला मेकॅनिकल हवे होते. घरातल्या मोठ्यांनी हाच प्रश्न विचारला आणि विषय तिथेच संपला. तिने बी.एस्सी. केले, आज गणिताच्या शिकवण्या घेते. मिक्सरपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत घरातले सगळे तीच दुरुस्त करते. तेव्हा मी गप्प बसलो होतो, याची खंत आहे.

मेकॅनिकलचे काम म्हणजे फक्त हातोडी नव्हे. संगणकावर भाग रचणे, तो कुठे तुटेल याचे विश्लेषण, चाचणी, गुणवत्ता नियंत्रण हे सगळे त्यात येते. कारखान्यात पाळ्या, प्रवास, स्वच्छतागृह या अडचणी खऱ्या आहेत. त्या मुलीला सांगा, त्यावर तिच्याशी बोला. पण तिला न विचारता फुली मारू नका.

टेक्स्टाइलबद्दल कोणी का विचारत नाही?

हा प्रश्न माझा आहे, तुमच्यासाठी. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या गावात 1982 पासून डीकेटीई ही वस्त्रोद्योग आणि अभियांत्रिकीची संस्था आहे. मुंबईच्या 1887 साली सुरू झालेल्या व्हीजेटीआयमध्येही टेक्स्टाइल शिकवले जाते. इतक्या वर्षांत टेक्स्टाइलबद्दल विचारणारा एकही फोन मला आलेला नाही. माग म्हणजे कर्ज, विजेचे बिल आणि बापाचा खोकला, असेच आपल्या मुलांनी पाहिले आहे. त्यात चूक नाही. पण मोटारीतली एअरबॅग विणलेली असते, रस्त्याखाली घालतात ते जिओटेक्स्टाइल कापडच असते, आणि जेद्दाचे छतही विणलेलेच. जॉबरचे पोर हे शिकायला बसते तेव्हा त्याची निम्मी तयारी घरीच झालेली असते.

दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि मग थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हाही रस्ता आहे. ‘डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांचा’ हा समज सोडा. हाताने काम करत शिकणाऱ्यांना तो फार मानवतो.

मग फॉर्म भरताना करायचे काय?

‘स्कोप कशाला?’ऐवजी तीन प्रश्न विचारा. या शाखेचा माणूस रोज सकाळी जाऊन नेमके काय करतो? त्याचे चुकले तर कोणाचे नुकसान होते? आणि माझ्या मुलाला किंवा मुलीला हे काम दहा वर्षे करावेसे वाटेल का? मग कॉलेज पाहायला जा. प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी केलेले प्रकल्प बघा. तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या दोघांना गाठून विचारा. पसंतीक्रम मुलासोबत बसून लावा, कारण वरचा पर्याय मिळाला की खालचे आपोआप बाद होतात.

आणि माझ्यासारख्यांनाही एक काम आहे. फोनवर दोन मिनिटांत ‘कॉम्प्युटर घ्या’ म्हणणे सोपे असते, मीही अनेकदा तेच म्हटले आहे. त्या दोन मिनिटांवर लोक माग विकतात. प्रत्येक मोहल्ल्यात मे महिन्यात एक रविवार ठरवावा. एक सिव्हिलवाला, एक मेकॅनिकलवाली, एक इलेक्ट्रिकलवाला, एखादी डिझायनर यांना बोलवावे. भाषण नको, आपापले काम दाखवावे. जागा शाळेची किंवा कोणाच्या गच्चीची चालेल, खर्च चहाचा.

चाचांना मी ‘हो’ म्हटले नाही. दोघा बापलेकांना घेऊन दोन कॉलेजांतल्या प्रयोगशाळा पाहिल्या. फॉर्ममध्ये मुलाने वर मेकॅनिकल आणि टेक्स्टाइल टाकले आहे, त्याखाली कॉम्प्युटर. यादी अजून लागायची आहे. चाचा अजून थोडे नाराज आहेत, पण आठही माग चालू आहेत. आणि त्या बिजागरीच्या जाळीसारख्या सात जाळ्या आणखी करून दे, असे त्यांनी मुलाला सांगितले आहे.